वाचकांचे प्रश्न : टपाल खाते खासगी करावे काय?

गेल्या काही महिन्यांत टपाल खात्याविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत आणि त्यांतील बहुतेक विदर्भातल्या खेड्यांतून आलेली आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा याच एका विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत. फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले ते मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर. शहरातले कुरिअरवाले दुसऱ्या दिवशी पाकीट हातात देतात. टपाल खाते दरवर्षी तोट्यात असते, असेही वाचनात येते. मग हे खाते खासगी कंपन्यांकडे देऊन एकदाचा निकाल का लावू नये?
— एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या मुलाची संधी हुकली, त्याचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने कमी होणार नाही आणि उशिरा पत्र पोचवणाऱ्या व्यवस्थेची पाठराखण करण्यासाठी मी हे उत्तर लिहीत नाही. उलट आपल्या तक्रारीत मी भरच घालतो. टपालाचा नवा कायदा २०२३ साली झाला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्याने १८९८ चा इंग्रजांच्या काळातला कायदा रद्द केला. परंतु सेवेत कसूर झाली तरी नियमांत ठरवलेल्या मर्यादेपलीकडे खात्यावर कोणतेही दायित्व येणार नाही, ही जुनी ढाल मात्र नव्या कायद्यातही तशीच ठेवली. स्पीड पोस्टला उशीर झाला तर फार तर भरलेले शुल्क परत मिळते. हुकलेल्या नोकरीची भरपाई कोणी देत नाही. हे अन्यायाचे आहे आणि ते बदललेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण ‘खाते विकून टाका’ असे म्हणण्यापूर्वी आपण एक गोष्ट पाहावी. जुन्या कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारला दिला होता. कुरिअर कंपन्या त्या कलमाला वळसा घालूनच वाढल्या. नव्या कायद्यात तो एकाधिकार उरलेला नाही. म्हणजे आर्वी तालुक्यातील कोणत्याही गावात, कोणत्याही घरी पत्र नेऊन देण्यास आज कोणत्याही कंपनीला कायद्याची आडकाठी नाही. तरीही आपल्या गावात कुरिअरवाला रोज येत नाही. बहुतेक गावांच्या बाबतीत तालुक्याच्या ठिकाणाहून फोन येतो, ‘तुमचे पार्सल आले आहे, येऊन घेऊन जा.’ पन्नास-साठ रुपये एसटीला घालवून आणि एक दिवसाची मजुरी बुडवून माणूस ते आणायला जातो. हा खर्च कुरिअरच्या दरात दिसत नाही, पण तो गावकऱ्याच्या खिशातूनच जातो.

ऑनलाइन खरेदी करताना पिनकोड टाकल्यावर ‘या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही’ असा संदेश आपण पाहिला असेल. तो पिनकोड मुळात कशासाठी जन्माला आला, हे लक्षात घेतले तर या संदेशाचे गांभीर्य कळते. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो घडवला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो अमलात आला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषांतले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. आपल्या वर्धा जिल्ह्याला तर याचा जुना अनुभव आहे. गांधीजी ज्या सेगावला राहायला आले, त्या गावाची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली, म्हणूनच १९४० साली त्याचे सेवाग्राम असे नामकरण करावे लागले. देशातील प्रत्येक गाव टपालाच्या टप्प्यात यावे, म्हणून सार्वजनिक पैशाने तयार झालेला हा सहा आकडी क्रमांक आज कोणते गाव वगळायचे हे ठरवण्यासाठी वापरला जातो. वगळलेल्या गावांची पार्सले मग अनेकदा याच टपाल खात्याकडे सोपवली जातात. मला कंपन्यांना दोष द्यायचा नाही. ज्या गावात आठवड्याला दोन पाकिटे जायची, तिथे रोज माणूस पाठवणे कोणत्याही हिशोबी व्यापाऱ्याला परवडणार नाही. नफा हाच ज्याचा धर्म, त्याच्याकडून याहून वेगळी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

आता तोट्याविषयी. खात्याचा खर्च उत्पन्नापेक्षा हजारो कोटींनी जास्त आहे, हे खरे आहे आणि त्यातला फार मोठा वाटा पगार व निवृत्तिवेतनाचा आहे. पण उत्पन्नाची बाजूही पाहिली पाहिजे. पोस्टकार्ड पन्नास पैशांना, आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना आणि साधे पाकीट पाच रुपयांना आजही मिळते. पोस्टकार्डाचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या किमतीच्या कित्येक पट आहे, हे खात्याच्या अहवालांतूनच दिसते. हे दर वाढवायला हवेत, असे मला वाटते. पोस्टकार्ड दोन-तीन रुपयांचे झाले तर गरिबावर आभाळ कोसळणार नाही. मात्र दर वाढवल्यावरही एक तूट उरेल. ती तूट आर्वीच्या पलीकडच्या गावापर्यंत रोज माणूस पाठवण्याची आहे. १८५४ साली अंतर कितीही असो, एकच दर, ही पद्धत या देशात सुरू झाली. तेव्हापासून नागपूरच्या सीताबर्डीत पत्र टाकणारा आणि सिरोंच्यात ते घेणारा यांच्यामधल्या अंतराचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा, हे तत्त्व चालत आले आहे. जिल्हा परिषदेची शाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तोट्यात आहे, असे आपण म्हणत नाही. टपालालाच हा निकष का लावायचा?

प्रश्न : माझी आई मजुरी करून साठवलेले पैसे पोस्टात ठेवते. पोस्ट खासगी होणार म्हणून पैसे काढून घ्यावेत, असे गावात कोणी तरी सांगितले. पैसे बुडतील काय?
— एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : नाही. आईला सांगावे की, पैसे काढण्याचे काहीही कारण नाही. अशा अफवेच्या मागे अनेकदा जास्त व्याजाचे आमिष दाखवणारा कोणी तरी असतो. पोस्टातून काढलेली रक्कम एखाद्या साखळी योजनेत किंवा बुडीत पतसंस्थेत गेल्यावर विदर्भातल्या अनेक कुटुंबांवर काय वेळ आली, हे आपण जवळून पाहिले आहे.

टपाल खात्यात १८८२ पासून बचत बँक चालते. बचत खाते, आवर्ती ठेव, मुदत ठेव, सुकन्या समृद्धी, किसान विकास पत्र या सगळ्या अल्पबचत योजनांत जमा होणारी रक्कम टपाल खात्याच्या मालकीची होत नाही. ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते, व्याजदर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करते आणि संपूर्ण रकमेची जबाबदारी केंद्र सरकारची असते. बँकेत ठेवलेल्या रकमेला प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे. टपालाच्या बचत योजनांना तशी मर्यादा नाही. टपाल खाते या व्यवहारात सरकारच्या वतीने काम करते आणि त्याबद्दल त्याला प्रत्येक खात्यामागे मोबदला मिळतो. उद्या खिडकीमागचा मालक बदलला, तरी पैशाचा जबाबदार बदलणार नाही.

एक फरक मात्र आईच्या पासबुकावर पाहून घ्यावा, कारण खेड्यात त्याविषयी फार गोंधळ आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही वेगळी संस्था आहे. तीही पूर्णपणे सरकारी मालकीची आहे. पण तिच्या खात्यात दिवसअखेर दोन लाखांहून जास्त रक्कम ठेवता येत नाही, तिला कर्ज देता येत नाही आणि तिच्या ठेवींना बँकांप्रमाणेच विमा संरक्षण आहे. लाडकी बहीण, निराधार किंवा पीएम किसान यांचे पैसे ज्या खात्यातून डाकसेवक अंगठ्यावर काढून देतो, ते बहुधा या बँकेचे खाते असते किंवा दुसऱ्या एखाद्या बँकेचे.

धोका आहे तो वेगळा. पैसे सुरक्षित राहतील; पण ते काढण्याची जागा जवळ राहील काय, हा खरा प्रश्न आहे. न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस टपाल, बँक आणि दूरध्वनी वेगळे केले गेले, १९८८ साली चारशेहून अधिक टपाल कार्यालये एकदम बंद झाली आणि १९८९ साली टपालाची बँक एका मोठ्या खासगी बँकेला विकली गेली. लहान गावांतून बँका निघून गेल्याची तक्रार इतकी वाढली की, २००२ साली तिथल्या सरकारला टपालाच्याच खिडक्यांमधून किवीबँक नावाची नवी बँक सुरू करावी लागली. विकलेले परत उभे करण्यात मधली तेरा वर्षे गेली. ज्या मेळघाटात बँकेच्या शाखेपर्यंत जायला डोंगर उतरावा लागतो, तिथे तेरा वर्षे थांबणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मी अमरावतीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जर्मनी, ब्रिटन, जपान या देशांनी टपाल खासगी केले आणि तरीही ते कोलमडले नाही, असे आम्हाला शिकवणीत सांगितले गेले. मग भारताने घाबरण्याचे कारण काय?
— एक विद्यार्थी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : आपल्याला सांगितले ते खोटे नाही, अपुरे आहे. जर्मनीपासून सुरुवात करतो, कारण खासगीकरणाच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण तेच आहे. तिथले टपाल खाते १९९५ साली भागभांडवली कंपनी झाले, नोव्हेंबर २००० मध्ये तिचे शेअर बाजारात आले, पुढे तिने डीएचएल ही मालवाहतूक कंपनी ताब्यात घेतली आणि आज तो जगातील सर्वांत मोठ्या मालवाहतूक उद्योगांपैकी एक आहे. पत्रांवरचा तिचा एकाधिकार १ जानेवारी २००८ पासून संपला. या यशाला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु जर्मन सरकारने कंपनी मोकळी सोडली नाही. देशभर किमान १२ हजार टपाल केंद्रे असलीच पाहिजेत आणि दोन हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गावात एक तरी असले पाहिजे, असे बंधन कायद्याने घातले. कंपनीने ते पाळले, पण स्वतःची कार्यालये जवळजवळ सगळी बंद करून ते काम दुकानदारांकडे दिले. आता हीच दोन हजार वस्तीची अट आपल्याकडे लावून पाहा. दर्यापूर तालुक्यातील काही मोठी गावे वाचतील. मेळघाटातील ढाणे आणि गडचिरोली-गोंदियातील टोले, म्हणजे लहान वस्त्या, मात्र यादीतून आपोआप गळतील. शिवाय जर्मनीत दुकानदाराला पेलते ते काम आपल्याकडे पेलेल काय? तिथे गावोगावी बँक आहे. इथे टपालाची खिडकी हीच बँक आहे.

ब्रिटनचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०११ च्या कायद्याने वाट मोकळी केली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये रॉयल मेलचे शेअर ३३० पेन्सला विकले गेले. पहिल्याच दिवशी भाव ४५५ पेन्सवर बंद झाला, तेव्हा जनतेची मालमत्ता स्वस्तात गेली, अशी टीका त्या देशात जोरात झाली. उरलेला हिस्सा २०१५ साली विकला गेला. देशभर एकच दर आणि आठवड्यातून सहा दिवस पत्रवाटप, ही अट कायद्यात होती आणि ती पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी ऑफकॉम ही नियामक संस्था होती. तरीही वेळेवर पत्रे पोचवण्याची उद्दिष्टे चुकू लागली. ऑफकॉमने २०२३ साली ५६ लाख पौंड, २०२४ साली १ कोटी ५ लाख पौंड आणि २०२५ साली २ कोटी १० लाख पौंड दंड केला. विक्रीच्या वर्षी ६० पेन्सला मिळणारे पहिल्या वर्गाचे, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पत्राचे, टपाल तिकीट २०२५ साली १ पौंड ७० पेन्सला पोचले. २०२५ च्या जुलैपासून दुसऱ्या वर्गाची पत्रे एक दिवसाआड वाटण्याची मुभा कंपनीला द्यावी लागली आणि त्याच वर्षी ती कंपनी चेक उद्योगपती डॅनियल क्रेटिन्स्की यांच्या समूहाकडे गेली. या घसरणीला पत्रांची घटलेली संख्या हेही मोठे कारण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण एक तपशील परीक्षेसाठी नव्हे, विचारासाठी लक्षात ठेवा : टपालाच्या खिडक्या, म्हणजे ‘पोस्ट ऑफिस लिमिटेड’, ब्रिटिश सरकारने विकल्या नाहीत. त्या वेगळ्या काढून स्वतःकडेच ठेवल्या. ग्रामीण खिडकी नफ्यावर चालणार नाही, हे बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्या सरकारलाही मान्य होते.

जपानमध्ये तर २००५ ची संसदीय निवडणूकच या एका प्रश्नावर लढवली गेली. २००७ साली खात्याचे तुकडे झाले, २०१५ साली शेअर बाजारात आले; पण मूळ कंपनीचा एक-तृतीयांशाहून अधिक हिस्सा सरकारकडे राहिलाच पाहिजे, असे कायदा सांगतो आणि सुमारे २४ हजार कार्यालयांचे जाळे टिकवण्याचे बंधनही आहे. तिथे २०१९ साली एक प्रकरण उघडकीस आले. टपालाच्या विमा कंपनीच्या पॉलिसी विकण्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी वृद्ध ग्राहकांच्या गळ्यात त्यांना न परवडणाऱ्या, कधी दुहेरी हप्त्यांच्या पॉलिसी मारल्या गेल्या होत्या आणि त्याची जबाबदारी घेऊन कंपन्यांच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. गावातील म्हातारी पोस्टमनच्या शब्दावर सही करते ती विश्वासाने. त्या विश्वासाला विक्रीचे उद्दिष्ट चिकटले की काय होते, ते जपानने पाहिले. आपल्याकडेही सरकारी व्यवस्थेतच डाकसेवकांवर खाती आणि पॉलिसींचे उद्दिष्ट लादले जाते, म्हणून हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

अर्जेंटिनाने १९९७ साली टपाल एका उद्योगसमूहाला चालवायला दिले. सरकारला द्यायचे शुल्क थकत गेले आणि २००३ साली सरकारने ते परत घेतले. याउलट डेन्मार्कचे टपाल स्वीडनसोबत सरकारी मालकीचेच आहे, तरी तिथली पत्रे २००० सालापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपच थांबवण्यात आले. म्हणजे सरकारी मालकी ही काही अमरत्वाची हमी नव्हे. दूरच्या घरापर्यंत जाण्याचे बंधन कोणावर आहे, ते मोडले तर विचारणारा कोण आहे आणि त्याचा खर्च कोण देतो, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. ज्या देशांत या तिन्हींची उत्तरे पक्की होती तिथे खासगी कंपनीनेही काम केले. आपल्याकडे नियमन किती कडक असते याचा अनुभव पाहता, विक्री आधी आणि बंधन मागून, असा क्रम लागण्याची भीती मला वाटते आणि ती मी लपवत नाही.

प्रश्न : माझे वडील ग्रामीण डाकसेवक आहेत. खाते खासगी झाले तर त्यांचे काय होईल? की झाले तर बरेच होईल?
— एक वाचक भगिनी, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातील वेदना मला समजते. या देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये आहेत, त्यांतील नव्वद टक्के खेड्यांत आहेत आणि त्या खेड्यांतील बहुतेक कार्यालये आपल्या वडिलांसारख्या अडीच लाखांच्या आसपास डाकसेवकांवर चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्यांच्या पदाला नागरी पद मानले. तरीही ते नियमित नोकर नाहीत. चार-पाच तासांचे काम धरून भत्ता ठरतो. २०१८ च्या सुधारणेत तो शाखा डाकपालासाठी दरमहा किमान १२ हजार आणि इतर डाकसेवकांसाठी किमान १० हजार, अधिक महागाई भत्ता, असा झाला. नियमित कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे, ही अट आहे आणि कार्यालयाची जागाही डाकपालानेच दाखवायची असते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका शाखा डाकघरात मी एक सकाळ बसलो होतो. डाकघर म्हणजे डाकपालाच्या घराची ओसरी, एक टेबल आणि लोखंडी पेटी. त्यांनी आधी तारखेच्या शिक्क्यातला आकडा चिमट्याने बदलला आणि कोऱ्या कागदावर ठसा उमटवून पाहिला. एसटीने आलेली थैली उघडताना मोहोर शाबूत आहे ना, ते पाहिले, आत आलेल्या चिठ्ठीशी पत्रे आणि रोकड ताडली. निराधारांचे पैसे द्यायला जेवढी रोकड मागितली होती, त्याच्या निम्मीच आली होती. ओसरीवर बसलेल्या बायांपैकी कोणाला आज द्यायचे आणि कोणाला उद्या, हे त्या माणसाला ठरवावे लागले. त्यांनी आधी दूरच्या टोल्यावरून चालत आलेल्यांना दिले. एका आजीचा अंगठा यंत्रावर उमटेना. निंदणाने आणि कापूस वेचून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. डाकपालांनी ओल्या फडक्याने तिची बोटे पुसली, एकेक बोट लावून पाहिले आणि पाचव्या बोटाला व्यवहार झाला. मधल्या वेळात नेटवर्क गेले म्हणून यंत्र घेऊन ते समोरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. या सगळ्याला चार तास पुरतात, असे कागद म्हणतो. त्यानंतर पत्रवाटप होतेच.

एखादी कंपनी हे काम घेईल तेव्हा ती व्यवहारामागे दलाली देईल. मग जिथे व्यवहार जास्त, तिथे माणूस टिकेल. एटापल्ली-भामरागडसारख्या भागात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो, तिथे दलालीवर कोणाचे घर चालणार? म्हणून खासगीकरणाने आपल्या वडिलांचे भले होईल, असे मला वाटत नाही. पण आज आहे ती स्थिती न्याय्य आहे, असेही मी म्हणणार नाही. जे सरकार त्यांच्या बळावर ‘घरोघरी बँक’ पोचल्याचे सांगते, त्याने त्यांना पूर्णवेळ कर्मचाऱ्याचा दर्जा आणि निवृत्तिवेतन द्यावे. ही मागणी डाकसेवकांच्या संघटना अनेक वर्षे करीत आहेत आणि टपाल वाचवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती आपली मानली पाहिजे.

प्रश्न : खासगीकरणाचा निर्णय झाला आहे काय?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. २०२३ च्या विधेयकावर राज्यसभेत चर्चा झाली, तेव्हाचे दळणवळण मंत्री अश्विनी वैष्णव यांनी टपाल सेवेच्या खासगीकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे सांगितले होते. मात्र कायद्यात सेवेचे स्वरूप आणि दर ठरवण्याचे व्यापक अधिकार खात्याच्या महासंचालकांकडे आले आहेत आणि गावापर्यंत सेवा देण्याच्या किमान दर्जाचे मानक मात्र नियमांवर सोडलेले आहे. त्यामुळे विक्रीच्या घोषणेची वाट पाहत बसण्यापेक्षा लहान बदलांकडे लक्ष ठेवणे अधिक शहाणपणाचे. २०२५ साली साधी रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कोर्टाचे आणि तहसीलचे कागद रजिस्टरने पाठवण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला तेवढ्याने जास्त पैसे मोजावे लागतात.

प्रश्न : खासगी नको, असे म्हणणे सोपे आहे. मग करायचे काय? आमच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे, त्यात काय लिहावे?
— एक ग्रामपंचायत सदस्य, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला. दूरसंचाराचे उदाहरण समोर ठेवा. खासगी कंपन्या आल्यावर फोन स्वस्त झाला, ही गोष्ट खरी. पण त्याच वेळी २००२ पासून या कंपन्यांच्या महसुलातून ठरावीक हिस्सा सार्वत्रिक सेवेच्या निधीत घेतला जाऊ लागला आणि गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागातले मनोरे त्याच निधीतून उभे राहिले. कुरिअर आणि ई-व्यापाराच्या कंपन्यांकडून असा एक निधी टपालासाठी का घेऊ नये? त्यांनी शहरात हवा तेवढा धंदा करावा. ज्या पिनकोडवर त्या जात नाहीत, तिथला भार त्यांनी उचलावा.

ठरावात शब्द थोडे आणि मागण्या मोजता येतील अशा असाव्यात. शाखा डाकघर आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता उघडते, थैली किती दिवस येत नाही, निराधारांचे पैसे रोकड नसल्यामुळे किती वेळा अडले, याची दोन-तीन महिन्यांची नोंद आधी करा आणि ती ठरावाला जोडा. ग्रामपंचायतीकडे रिकामी खोली असेल तर ती डाकघराला देण्याची तयारी त्याच ठरावात दाखवा. डाकपालाच्या ओसरीपेक्षा ती बरी आणि गावालाही डाकघर आपले वाटेल. वाटप उशिरा होत असेल तर पाकिटावरचा आपल्या डाकघराचा पोचेचा शिक्का आणि प्रत्यक्ष हातात मिळाल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. उशीर नागपूरला झाला की गावात, ते त्यावरूनच सिद्ध होते. ठरावाची प्रत विभागाच्या डाक अधीक्षकांना रजिस्टरने, म्हणजे आता नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टने, पाठवा आणि टपालाच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुढच्या डाक अदालतीत तो विषय घेण्याची लेखी मागणी करा. डाक अदालत ठरावीक काळाने भरते आणि तिच्या तारखेची सूचना आपल्या उपडाकघरात लागते. तिथे तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा नोंदवहीचे पान अधिक चालते. खासदारांना द्यायच्या प्रतीत वरील निधीची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा, म्हणजे ती गावच्या तक्रारीत हरवणार नाही.